पाणबुडीचं तंत्रज्ञान विकत मिळतं का? राजापूरच्या एका विद्यार्थ्याला उत्तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू राजापूर तालुक्यातला, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. तुझं म्हणणं थोडक्यात असं: १९८१ साली जर्मनांशी करार करून आपण मुंबईत पाणबुड्या बांधायला घेतल्या, २००५ साली फ्रेंचांशी दुसरा करार केला, आणि पुढच्या पाणबुड्यांसाठी पुन्हा परदेशी भागीदार लागतोच आहे. दोनदा ‘तंत्रज्ञान हस्तांतरण’ झालं, तर त्यात आलं काय, आलेलं गेलं कुठे, आणि कोकणातल्या डिप्लोमावाल्याला या कामात जागा आहे का?

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. मी ना गोदीच्या नोकरीत होतो, ना नौदलात. छत्तीस वर्षं वेल्डिंग तपासनीस म्हणून काढली. त्यातली बरीचशी जाड प्लेटच्या, मोठ्या दाबाच्या कामांवर गेली, जहाजबांधणीला माल पुरवणाऱ्या वर्कशॉपांत. एक्स-रेची फिल्म उजेडावर धरून बघायची, अल्ट्रासोनिकचा (ध्वनिलहरींनी आतली चीर शोधणाऱ्या यंत्राचा) प्रोब जोडावरून फिरवायचा आणि शेवटी कागदावर सही करायची, हे माझं काम. आता पूर्णगडला घरी असतो. तेव्हा पाणबुडी लढते कशी यावर मी बोलणार नाही. ती बांधताना हाताला काय यावं लागतं आणि ते एका देशातून दुसऱ्या देशात कसं जातं, एवढंच सांगतो.

करारातून ड्रॉइंगं येतात, जिग-फिक्श्चरं (काम नेमक्या जागी धरून ठेवायची साधनं) येतात, आपली माणसं तिकडे जाऊन शिकून येतात. हे सगळं खरोखर होतं. पण शिकून आलेला माणूस दुसऱ्या पाणबुडीवर चांगलं काम करतो, तिसरीवर त्याहून चांगलं, आणि काम बंद पडलं की पाच-सात वर्षांत त्याचा हात जातो. आपल्याकडे पहिल्यांदा नेमकं हेच झालं. हात बसला आणि काम थांबलं. बाकीची कारणं आहेत, पण माझ्या मते सगळ्यांत मोठं हे.

आता कामाकडे येऊ, कारण काम समजल्याशिवाय ‘हात’ म्हणजे काय ते कळणार नाही.

समुद्रात दर दहा मीटर खाली गेलं की प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर एक किलो दाब वाढतो. तीनशे मीटरवर प्रत्येक चौरस मीटरला तीनशे टन. बॉयलरलाही दाब असतो, पण तो आतून. आतला दाब पत्र्याला मदत करतो, कुठे किंचित चपटं राहिलं असेल तर तो त्याला गोल करायला बघतो. पाणबुडीत उलटं आहे. बाहेरचा दाब जिथे किंचित चपटं सापडेल तिथेच आणखी चेपतो, आणि एका मर्यादेनंतर ते कवच डबा चेपावा तसं आत बसतं. म्हणून प्रेशर हलची, म्हणजे दाब झेलणाऱ्या त्या कवचाची, गोलाई हा सगळ्या कामाचा जीव. फ्रेंच करारातल्या स्कॉर्पिन जातीच्या पाणबुडीचा व्यास सहा मीटरच्या आसपास आहे. एवढ्या मोठ्या कड्याची गोलाई काही मिलिमीटरच्या आत राखायची असते, आणि तीही वेल्डिंग झाल्यावर.

‘वेल्डिंग झाल्यावर’ हे मुद्दाम म्हटलं. वेल्ड थंड होताना आकसतो आणि प्लेटला आपल्याकडे ओढतो. कड्याला आतून टी-आकाराच्या फ्रेम बसवतात. तुमच्याकडच्या होडीला पठाणावर (तळाच्या मुख्य लाकडावर) वांक, म्हणजे बरगड्या, बसतात ना, तशाच, फक्त पूर्ण वर्तुळाच्या. प्रत्येक फ्रेमचा प्रत्येक वेल्ड त्या कड्याला थोडंथोडं ओढत राहतो. मग समोरासमोर दोन वेल्डर एकाच वेळी, एकाच वेगाने बसवायचे, इतक्या लांबीचा तुकडा इकडे की तितक्याच लांबीचा तिकडे. कुठला जोड आधी, कुठला नंतर, कुठे मुद्दाम दोन मिलिमीटर जास्तीचं ठेवायचं म्हणजे आकसल्यावर बरोबर येईल, याची एक चाल असते. ड्रॉइंगवर शेवटचं माप असतं. तिथवर पोचायची चाल अर्धी कागदावर आणि अर्धी फोरमनच्या डोक्यात असते. होडीचा सुतार झाडाचा वाक बघून वांक निवडतो, त्याला विचारलं तर तो सांगू शकत नाही की हेच लाकूड का, पण फळी बसते. हे तसलंच ज्ञान आहे.

पोलादही साधं नाही. नेहमीच्या जहाजाच्या प्लेटची ताकद २३५ मेगापास्कलच्या आसपास सुरू होते. पाणबुडीला लागणारं पोलाद ५५० आणि त्याच्याही वरचं. जितकं पोलाद ताकदवान, तितकं वेल्डिंगला नाजूक. इथे मी तुला माझ्यासमोर घडलेली एक गोष्ट सांगतो, कारण ‘तंत्रज्ञान आलं’ आणि ‘तंत्रज्ञान उतरलं’ यातला फरक मला त्या दिवशी कळला.

नव्वदच्या दशकातला जुलै महिना, रायगड जिल्ह्यातलं एक वर्कशॉप. नाव सांगत नाही, माणसं चांगली होती. जास्त ताकदीच्या जाड पोलादाचा एक जॉब चालू होता, वेल्डिंगची प्रोसिजर युरोपातून आलेली. तिच्यात सगळं लिहिलेलं होतं: रॉड अमुक तापमानाला दोन तास भाजायचे, मग गरम ओव्हनमध्ये ठेवायचे, वेल्डरने लागतील तेवढेच बाहेर काढायचे, चार तासांनी उरलेले परत भाजायचे. आमच्या लोकांनी ते पाळलंही, बऱ्यापैकी. शनिवारी जोड पुरा झाला, एक्स-रे काढला, फिल्म स्वच्छ. मी सही केली. मंगळवारी अल्ट्रासोनिक करायला गेलो तर जोडाच्या कडेला, तापून कडक झालेल्या पट्टीत, केसासारखी चीर. एका जागी नाही, सात जागी.

कारण असं. रॉडच्या लेपात ओल राहिली की वेल्डच्या उष्णतेने तिचा हायड्रोजन होतो आणि तो वितळलेल्या धातूत शिरतो. धातू थंड झाल्यावर तो हायड्रोजन हळूहळू सरकत कडक पट्टीत जमतो आणि एक-दोन दिवसांनी तिथे चीर पाडतो. शनिवारी चीर नव्हतीच, तर फिल्मवर दिसणार कशी? आणि इतकी बारीक चीर तिरकी असली तर एक्स-रेला नंतरही दिसत नाही. म्हणून असल्या पोलादावर अठ्ठेचाळीस तास थांबून मगच शेवटची तपासणी करतात. आमच्या हातातल्या कागदात ‘४८ तासांनी’ असं लिहिलेलं होतं. का, ते नव्हतं. सुपरवायझरला वाटलं, ही त्यांची नेहमीची सावकाश चाल. मीही खपवून घेतलं. दोष माझाही होता.

आणि ते चार तास! ते चार तास युरोपातल्या बंदिस्त, कोरड्या, गरम केलेल्या शेडचे होते. आमच्या शेडला एका बाजूला भिंत नव्हती, बाहेर पाऊस कोसळत होता, दोरीवर टाकलेला टॉवेल आठ दिवस वाळत नव्हता. तिथे उघड्या डब्यातला रॉड एका तासात ओल धरतो. लिहिणाऱ्याने चूक केली नव्हती, त्याने आपल्या हवेत बसून लिहिलं होतं. सगळा जोड गाउजिंग करून, म्हणजे कोरून, काढला, प्लेट तापवून पुन्हा भरला. त्यानंतर आम्ही आमचा नियम केला: पावसाळ्यात एक तास, प्रत्येक वेल्डरच्या पायाशी गरम डबा, आणि ओव्हनच्या तापमानाची वही. तो नियम कुठल्या करारातून आला नाही. पण ‘हायड्रोजन’ हे कारण कळल्याशिवाय तो सुचलाही नसता.

करारात ‘कसं करायचं’ हे येतं. ‘असंच का’ हे बहुतेक वेळा येत नाही, आणि आलं तर सगळ्यांत महाग पडतं. हलची जाडी अमुक, ही माहिती मिळते. ती जाडी ज्या हिशोबातून आली तो हिशोब, त्यासाठी केलेल्या चाचण्या, चाचणीत मोडलेले नमुने, हे विकणाऱ्याच्या घरी राहतं. त्याची पुढची पाणबुडी त्यावरच उभी असते, तो ते का देईल? आवाजाचंही तसंच. पाणबुडीत प्रत्येक पंप, प्रत्येक मोटर रबरी बैठकीवर बसवतात. कुठल्या बैठकीवर, हे ड्रॉइंगवर असतं. कुठला आवाज किती अंतरावर ऐकू जातो याचं गणित कुणीही, कितीही पैशाला, पूर्ण देत नाही. शिवाय पाणबुडीत हजारो वस्तू असतात आणि प्रत्येकीचा मालक वेगळा. ज्याच्याशी आपण करार केला त्याला त्याच्या पुरवठादाराचं ड्रॉइंग देण्याचा अधिकारच नसतो.

याचं अगदी ताजं उदाहरण घे. आपल्या कलवरी वर्गाच्या, म्हणजे त्याच स्कॉर्पिन जातीच्या, सहाही पाणबुड्या मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या. त्यांच्यासाठी ठरवलेल्या परदेशी टॉर्पेडोची खरेदी मध्येच बारगळली. डीआरडीओने, म्हणजे आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने, आपला जड टॉर्पेडो तयार केला. आता तो आपल्याच गोदीत बांधलेल्या, आपल्याच नौदलाच्या पाणबुडीत बसवायचा, तर डिसेंबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाला फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपशी सुमारे ८७७ कोटींचा करार करावा लागला. कारण टॉर्पेडो नळीत सरकवून भागत नाही, त्याला पाणबुडीच्या लढाऊ संगणकाशी बोलता आलं पाहिजे, आणि तो संगणक त्यांचा. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. कवच बांधता येणं आणि पाणबुडीची मालकी डोक्याने असणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, एवढं यातून दिसतं.

आता तुझा दुसरा प्रश्न: आलेलं गेलं कुठे?

डिसेंबर १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या कीलच्या एचडीडब्ल्यू या कंपनीशी २०९ जातीच्या चार पाणबुड्यांचा करार झाला. शिशुमार आणि शंकुश या दोन कीलमध्ये बांधल्या आणि १९८६ साली ताफ्यात आल्या. दोन माझगाव गोदीत बांधायच्या होत्या. आपले वेल्डर, फिटर, अभियंते कीलला जाऊन शिकून आले. ७ फेब्रुवारी १९९२ ला शाल्की दाखल झाली, भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. मे १९९४ मध्ये शंकुल. त्याच्या पुढे आणखी दोन बांधायचा विचार होता, पण मधल्या काळात त्या व्यवहारात दलालीचे आरोप झाले आणि पुढचं सगळं थांबलं. आरोपांची चौकशी व्हायलाच हवी होती. पण बांधणीची ओळही त्याच्याबरोबर बंद पडली, याचा हिशोब तेव्हा कुणी मांडला असेल असं मला वाटत नाही.

तो हिशोब मी मांडतो. कीलला गेलेला वेल्डर समज तेव्हा तिशीत होता. शंकुल पुरी झाली तेव्हा तो चाळिशीत. पुढचा करार ऑक्टोबर २००५ मध्ये झाला आणि पहिलं पोलाद कापलं डिसेंबर २००६ मध्ये. तेव्हा तो बावन्न-त्रेपन्नचा. एव्हाना त्याला चष्मा लागलेला, तो सुपरवायझर झालेला, किंवा आखातात जाऊन तेलाच्या पाइपलाइनवर स्थिरावलेला. आखातात गेलेले असे दोघे मला माहीत आहेत, एक दापोलीकडचा, एक मालवणचा. पाणबुडीचा वेल्डर वर्षभर रिकामा बसला तरी त्याची पात्रता-चाचणी पुन्हा घ्यावी लागते. इथे बारा वर्षं गेली. म्हणून २००६ मध्ये आपण दुसऱ्या इयत्तेत बसलो नाही, पुन्हा पहिलीत बसलो, मास्तर तेवढा जर्मनऐवजी फ्रेंच.

त्याच सुमारास दक्षिण कोरियाने काय केलं ते बघ, कारण हीच तुलना सगळ्यांत न्यायाची आहे. त्याच कीलच्या कंपनीशी, त्याच २०९ जातीच्या पाणबुडीचा करार त्यांनी आपल्यानंतर सहा वर्षांनी, १९८७ साली केला. पहिली कीलमध्ये बांधली, १९९३ ला दाखल. त्यापुढच्या आठ त्यांनी आपल्या देवू गोदीत बांधल्या, एकामागून एक, २००१ पर्यंत. ती ओळ संपायच्या आधीच २१४ या पुढच्या जातीचा करार झालेला होता, म्हणजे देशातलं पाणबुडी बांधायचं काम मध्ये तुटलं नाही. त्याही नऊ बांधल्या, ह्युंदाई आणि देवू या दोन गोद्यांत मिळून. २०११ साली इंडोनेशियाने त्यांच्याकडे तीन पाणबुड्या मागितल्या, शिकणारा शिकवणारा झाला. २०२१ साली त्यांची स्वतःच्या आरेखनाची तीन हजार टनी पाणबुडी नौदलात आली. कोरियाचे लोक आपल्यापेक्षा हुशार होते असं मी मानत नाही. मी त्यांच्या वेल्डरांबरोबर एका प्रकल्पावर काम केलंय, आपला चांगला वेल्डर त्यांच्या तोडीचा आहे. त्यांच्या देशात एकामागून एक सतरा हल बांधल्या गेल्या, आपल्याकडे पहिल्या खेपेला दोन.

अर्जेंटिनाची हकीकत याच्या दुसऱ्या टोकाची. त्यांनी जर्मनांकडून टीआर-१७०० नावाच्या मोठ्या, उत्तम पाणबुड्या घेतल्या. दोन जर्मनीत बांधून आल्या, चार ब्युनॉस आयर्समध्ये बांधायच्या ठरल्या, त्यासाठी नवी गोदी उभी केली. मग देशाची आर्थिक अवस्था कोसळली. एक हल अर्ध्याहून पुढे गेली होती, दुसरी बरीच मागे, त्या तशाच राहिल्या. चारांतली एकही पाण्यात उतरली नाही. सर्वांत वाईट पुढचं. जर्मनीतून आलेल्या दोनांपैकी सांता क्रूझच्या मोठ्या दुरुस्तीची वेळ आली, तेव्हा ती शेजारच्या ब्राझीलमध्ये, रिओच्या आरमारी गोदीत न्यावी लागली. ब्राझीलनेही २०९ पासूनच सुरुवात केली होती, पण एक कीलमध्ये आणि पुढच्या चार रिओमध्ये, हळू पण न थांबता. पैसे त्यांनाही कमीच पडत होते.

या सगळ्याला आपल्याच किनाऱ्यावरची एक जुनी साक्ष आहे. १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीला आरमारासाठी जहाजं बांधायला घेतली, तेव्हा रुई लैतांव व्हियेगश नावाच्या पोर्तुगीजाला आणि त्याच्या हाताखालच्या कारागिरांना कामावर ठेवलं होतं. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना हे कळलं तेव्हा त्यांना धास्ती बसली. त्यांनी व्हियेगशला गुपचूप निरोप पाठवून वळवलं आणि ती माणसं काम सोडून निघून गेली. नीट बघ, पोर्तुगीजांना भीती कसली वाटली? ही माणसं आणखी दोन-चार वर्षं तिथे राहिली तर शेजारी उभा असलेला भंडारी, कोळी, सुतार शिकेल, याची. आणि ती माणसं गेल्यावरही आरमाराचं काम थांबलं नाही, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. वीस वर्षांनी, १६७९ साली, खांदेरीच्या पाण्यात इंग्रजांच्या मोठ्या जहाजांशी गाठ पडली ती आपल्या बांधणीच्या, उथळ पाण्यात फिरणाऱ्या गलबतांनी. पुढे विजयदुर्गच्या खाडीत गिर्ये-रामेश्वरच्या बाजूला दगडात खोदलेली गोदी झाली, तिचे अवशेष आजही बघायला मिळतात. तुझ्या घरापासून लांब नाही, अजून गेला नसशील तर ओहोटीची वेळ बघून जा. ऋतूमागून ऋतू काम चालू राहिलं म्हणून ती विद्या किनाऱ्यावर मुरली.

त्याच खांदेरीचं नाव कलवरी वर्गातल्या दुसऱ्या पाणबुडीला आहे, सप्टेंबर २०१९ ला दाखल झालेली. आता फ्रेंच करारातून काय मिळालं ते प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण ‘काहीच मिळालं नाही’ असं म्हणणारे लोकही मला पटत नाहीत.

उशीर झाला, खर्च वाढला, हे नाकारून चालणार नाही. २००५ मध्ये १८,७९८ कोटींचा प्रकल्प २०१० मध्ये २३,५६२ कोटींवर गेला. पहिली कलवरी २०१२ मध्ये यायची ती १४ डिसेंबर २०१७ ला आली. जी सामग्री गोदीने वेगळी विकत घ्यायची होती तिचे भाव आणि करार ठरण्यात वर्षं गेली, आणि शिकणाऱ्या हातांचाही वेळ त्यात होताच. पण पुढचं अंतर मोज. खांदेरी २०१९, करंज मार्च २०२१, त्याच वर्षी नोव्हेंबरला वेला, वागीर जानेवारी २०२३, वाघशीर १५ जानेवारी २०२५. पाच सेक्शन वेगवेगळे तयार करून शेवटी एकत्र वेल्ड करतात, त्याला तिथे ‘बूट टुगेदर’ म्हणतात. पहिल्या पाणबुडीवर त्या जोडांसमोर उभ्या असलेल्या माणसांच्या पोटात गोळा आला असेल, कारण सेक्शनच्या आत तोवर यंत्रं बसलेली असतात, चुकलं तर परत उघडणं म्हणजे सगळं उपसणं. सहाव्या वेळी तीच माणसं तेच काम ठरल्या वेळात करतात. एका पाणबुडीत सुमारे ६० किलोमीटर केबल आणि ११ किलोमीटर पाइप असतो, साडेसातशे किलोची एक अशा ३६० बॅटऱ्या असतात. हे सगळं ६७ मीटर लांबीत, एकमेकांच्या आड न येता. हे सहा वेळा केलेली माणसं आज मुंबईत आहेत.

वजनाचंही एक सांगतो, कारण होडीवाल्याच्या पोराला ते लगेच कळेल. गलबत हलकं पडलं तर नीरम (तळाशी ठेवायचं वजन) भरतात, जड झालं तर उतरवतात. पाणबुडीला इतकी सूट नाही, तिला पाण्याच्या वजनाशी बरोबरी साधावी लागते, वरही नाही आणि खालीही नाही. म्हणून आत जाणारी प्रत्येक वस्तू तोलून, तिची जागा लिहून आत जाते. बोल्टसुद्धा. केबलचा कापून उरलेला तुकडा बाहेर आला की त्याचंही वजन वजा होतं. ही शिस्त कुठल्या पेटीतून येत नाही, ती अंगात भिनायला वर्षं लागतात. ती आता आपल्याकडे भिनली आहे.

आणि काही गोष्टींचं ‘का’ सुद्धा आपल्याकडे तयार होतंय. अंबरनाथला डीआरडीओची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा आहे. तिथे फॉस्फोरिक आम्लाच्या इंधन घटावर चालणारी यंत्रणा विकसित केली, जिच्यामुळे डिझेल पाणबुडीला हवेसाठी वारंवार वर न येता जास्त काळ पाण्याखाली राहता येतं. मार्च २०२१ मध्ये तिची जमिनीवरची महत्त्वाची चाचणी पार पडली. डिसेंबर २०२४ मध्ये ती बसवण्यासाठीचा सेक्शन बांधून जोडण्याचा सुमारे १,९९० कोटींचा करार माझगाव गोदीला मिळाला. म्हणजे बांधून झालेली पाणबुडी मधून कापायची, नवा सेक्शन आत घालायचा आणि पुन्हा तितकीच गोल जोडायची. हे काम मला सगळ्यांत जास्त आशेचं वाटतं. तिथे कुणाचं तयार ड्रॉइंग गिरवायचं नाही. ते घट का आणि कसे चालतात हे अंबरनाथच्या लोकांना मुळापासून माहीत आहे.

माझी काळजी मात्र तीच जुनी आहे. वाघशीर नौदलात गेली, माझगावातली ती ओळ संपली. जुलै २०२३ मध्ये आणखी तीन स्कॉर्पिनना तत्त्वतः मंजुरी मिळाली होती, आणि पुढच्या सहा मोठ्या पाणबुड्यांची निविदा २०२१ मधली. मंजुरी आणि पहिलं पोलाद कापणं यांच्यामध्ये वर्षं जातात, आणि त्या वर्षांत वेल्डरला घर चालवायचं असतं. नव्या करारात किती टक्के तंत्रज्ञान मिळणार यावर टीव्हीवर तासन्‌तास चर्चा होते. वाघशीरवर काम केलेला माणूस आज नेमकं काय करतोय, हे कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. मी निर्णय घेणाऱ्यांत असतो तर करारातली एक-दोन टक्के मोठी आश्वासनं सोडून दिली असती आणि त्याबदल्यात काम लवकर सुरू केलं असतं. यावर माझ्याशी वाद घालणारे जाणकार आहेत. त्यांच्या मते ‘का’ मिळाल्याशिवाय घाई केली तर आपण कायम दुसऱ्याचंच गिरवत राहू. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण ‘का’ विचारायलासुद्धा रोज ते काम करणारा माणूस लागतो. मी त्या शनिवारी ४८ तासांचं कारण विचारलं नाही, कारण तोवर मी तसली चीर पाहिलीच नव्हती.

राहिला तुझा प्रश्न. जागा आहे, आणि ती पाणबुडीच्या आतच असायला हवी असं नाही. झडपा, पाइपचे जोड, हॅचेस, बैठकी, ओतकाम, रबर, ही सगळी कामं गोदीबाहेरच्या कारखान्यांत होतात, आणि माल परत जातो तो बहुतेक वेळा तपासणीत. चांगला तपासनीस मिळत नाही ही प्रत्येक मालकाची तक्रार आहे. डिप्लोमा झाल्यावर अल्ट्रासोनिक आणि रेडिओग्राफी (एक्स-रे) तपासणीचं लेव्हल दोनचं प्रमाणपत्र करून घे. त्याच्याआधी सहा महिने स्वतः वेल्डिंग कर, हाताला चटके बसू देत. ज्याने कधी रॉड धरला नाही तो तपासनीस वेल्डरला फक्त नावं ठेवतो. माझगाव गोदी शिकाऊ उमेदवार घेते, त्या जाहिरातींवर लक्ष ठेव. आरेखनात जायचं असेल तर नेव्हल आर्किटेक्चरची, म्हणजे जहाज आरेखनाची, पदवी खरगपूर आणि चेन्नईच्या आयआयटीत आहे, कोचीच्या विद्यापीठात आहे. वाट लांब आहे, पण नौदलाला स्वतःची पाणबुडी स्वतः रेखायची असेल तर माणसं तिथूनच येणार.

मुंबईला जाण्याआधी पूर्णगडला ये. माझ्याकडे जुन्या फिल्मचे तुकडे आहेत, चिरा पडलेले नमुने कापून ठेवलेले आहेत, त्या मंगळवारचाही एक आहे. एक लहान वेल्डिंग मशीन आणि ओव्हन आहे. फक्त दिवाळीनंतर येऊ नकोस, जुलैत ये, पाऊस धो-धो असताना. सकाळी दोन रॉड भाजून काढू, एक डब्यात ठेवू, एक ओटीवर उघडा ठेवू. तासाभराने दोन्हींनी एकेक तुकडा जोडू आणि दोन दिवस थांबू. तिसऱ्या दिवशी प्रोब तू फिरव.